गावाचा पैसा आणि गावापुढील हिशेब

आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्रामसभेची पहिली बैठक झाली पाहिजे, असे ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ८ सांगते. नागपूर जिल्ह्यात ही बैठक बहुधा १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी भरते. उन्हाचा कडाका असतो. शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि ऊन चढण्यापूर्वी सभा आटोपावी अशी सर्वांचीच इच्छा असते. या बैठकीपुढे पंचायतीने काय ठेवावे हे कायद्याने नेमके सांगितले आहे : मागील वर्षाचे वार्षिक हिशेबपत्रक, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षात हाती घ्यावयाच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे टिपण व त्याला दिलेली उत्तरे. पहिल्या तीन बाबी कमीअधिक प्रमाणात सभेपुढे येतात. चौथी बाब मात्र पुष्कळ ठिकाणी कार्यवृत्तातील एका ओळीपुरती उरते : ‘लेखापरीक्षण टिपण वाचून दाखविण्यात आले.’ ते खरोखर वाचले गेले काय, आणि वाचले गेले असल्यास कोणाला कळले काय, या प्रश्नावर गावच्या पैशाच्या उत्तरदायित्वाची निम्मी परीक्षा होऊन जाते.

ग्रामपंचायतीचा हिशेब लिहिला जात नाही, अशी आज स्थिती नाही. तो लिहिला जातो, तपासला जातो, वरच्या कार्यालयाकडे पाठविला जातो आणि अलीकडे संगणकावरही चढविला जातो. प्रश्न आहे तो, ज्यांचा पैसा त्यांच्या कानावर तो जातो की नाही, याचा.

हिशेब कोणाला द्यावयाचा?

नागपूरच्या परिसरात ग्रामपंचायत ही संस्था महाराष्ट्र राज्याहून जुनी आहे. मध्य प्रांतात १९२० साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला, १९४६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी नवा पंचायत कायदा आला आणि १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने तालुका पातळीवर जनपद सभांचा प्रयोग सुरू झाला. तथापि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत या भागातील खेड्यांवर मालगुजाराची छाया होती. मालगुजार सरकारचा सारा भरी. गावचा तलाव, पडीत जमीन, चराई यांपासून येणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब त्याने गावकऱ्यांपुढे मांडावा, अशी अपेक्षा कोणी करीत नसे. हिशेब वर द्यावयाचा असतो, खाली नव्हे, ही समजूत रुजण्यास ती व्यवस्थाही कारण झाली असावी.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जाणारा १९५८ चा कायदा १९५९ पासून अंमलात येऊ लागला आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींना अनुसरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. संस्था बदलल्या, पण हिशेबाची दिशा फारशी बदलली नाही. ग्रामसेवकाने विस्तार अधिकाऱ्याला, विस्तार अधिकाऱ्याने गटविकास अधिकाऱ्याला आणि त्याने जिल्हा परिषदेला उत्तर द्यावयाचे, असा तो मार्ग आहे. शिवाय १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमाखाली काम करणारी लेखापरीक्षकांची स्वतंत्र यंत्रणा आहे. २०११ पासून या लेखापरीक्षेला भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे तांत्रिक मार्गदर्शन मिळते. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या कारभारावरील लेखापरीक्षा अहवाल पाहण्यासाठी विधानमंडळाची पंचायती राज समिती आहे.

ही सारी व्यवस्था आवश्यक आहे. तिच्यात एक उणीव मात्र अंगभूत आहे. लेखापरीक्षक गावात येतो तेव्हा पैसा खर्च होऊन वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लोटलेला असतो. गटार पावसाने वाहून गेलेली असते, सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवकाची बदली झालेली असते. याउलट गटार खणली जात असताना तिच्या काठावर उभा राहणारा मनुष्य गावातच असतो. त्याला कागद दिसत नाही, आणि ज्याला कागद दिसतो त्याला गटार दिसत नाही. ग्रामसभा ही या दोघांची गाठ घालून देणारी जागा आहे.

अर्थात गाव म्हणजे एकदिलाचे कुटुंब नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांवर परखड टीका केली होती, ती या संदर्भात विसरून चालत नाही. ज्याच्या शेतावर मजुरीला जावयाचे त्याला भर सभेत बिलाचा तपशील विचारणे सोपे नसते. म्हणूनच हिशेबाचे वाचन हे कोणी धीट मनुष्य प्रश्न विचारील तरच व्हावे, असे असता कामा नये. कोणी विचारो वा न विचारो, ते कायद्याने ठरविलेल्या दिवशी झालेच पाहिजे. कलम ८ चे मोल येथे आहे.

ग्रामनिधी

कलम ५७ अन्वये प्रत्येक पंचायतीचा ग्रामनिधी असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर, आठवडी बाजाराच्या लिलावाची रक्कम, कोंडवाड्याचे उत्पन्न, जागेचे भाडे आणि शासनाची अनुदाने हे सारे त्यात जमा होते. नागपूर जिल्ह्यातील साडेसातशेहून अधिक ग्रामपंचायतींची सांपत्तिक स्थिती सारखी नाही. बुटीबोरी, हिंगणा येथील कारखान्यांच्या शेजारची किंवा कोराडी, खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या परिसरातील पंचायत, काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातील पंचायत आणि रामटेक-पारशिवनीच्या जंगलाकडील पंचायत यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. नियम मात्र सर्वांना एकच. स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. या रकमा जेथे खर्ची पडत नाहीत तेथे पैसा चोरीस गेलेला नसतो, पण ज्यांचा होता त्यांना तो मिळालेला नसतो. हा हिशेब दाखविणारा स्वतंत्र नमुना, क्रमांक २८, याचसाठी आहे.

गेल्या काही वर्षांत पंचायतीच्या तिजोरीचे स्वरूप पालटले. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण भागाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे देण्याची शिफारस केली. २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी महाराष्ट्रात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना व प्रत्येकी १० टक्के वाटा पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांना ठरला. २०२१-२२ पासून त्यातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी राखीव होती. आधीच्या वर्षांचे हिशेब, लेखापरीक्षा झालेले व न झालेले, लोकांना पाहता येतील अशा रीतीने संगणकावर प्रसिद्ध केल्यावाचून हा निधी मिळू नये, अशी अटही आयोगाने घातली.

या बदलाची एक बाजू दुर्लक्षिली जाते. स्वतः भरलेल्या सहाशे रुपयांच्या घरपट्टीची पावती घरात असली की मनुष्य सभेत दिवाबत्तीबद्दल विचारतो. दिल्लीहून आलेले आठ-दहा लाख रुपये मात्र त्याला ‘सरकारचे’ वाटतात. सप्टेंबरअखेर कर भरणाऱ्यास ५ टक्के सूट आणि वर्ष संपल्यावर थकविणाऱ्यास दंड, अशी तरतूद असूनही अनेक गावांत करवसुली मागे पडते, त्यामागे केवळ दारिद्र्य नाही. कर थकविणारा ग्रामस्थ आणि हिशेब न मांडणारी पंचायत यांचा जणू मूक करारच झालेला असतो : तुम्ही मागू नका, आम्ही विचारणार नाही.

एका गटारीचा प्रवास

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ अन्वये पंचायतीचे दप्तर ३३ नमुन्यांत ठेवावयाचे असते. एवढे नमुने पाहून सदस्य बिचकतो. परंतु एखाद्या कामाचा माग काढावयास त्यांतील पाच-सहा पुरेसे आहेत. समजा, एखाद्या गावात १२० मीटर लांबीची सिमेंटची गटार बांधावयाची आहे आणि सोयीसाठी मीटरला २,५०० रुपये खर्च धरला आहे. अंदाजित खर्च ३ लाख रुपये झाला. हे काम प्रथम गावच्या विकास आराखड्यात व नमुना १ मधील अंदाजपत्रकात असावयास हवे. त्याचा अंदाज नमुना २० मध्ये व झालेल्या कामाची मापे त्याच्या जोडीच्या मोजमाप वहीत येतील. रक्कम अदा झाली की तिचे प्रमाणक नमुना १२ मध्ये आणि नोंद नमुना ५ च्या रोकडवहीत होईल. गटार पूर्ण झाल्यावर ती नमुना २२ च्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत चढेल. साखळीतील एखादी कडी तुटली असेल तर तेथेच थांबून विचारावयाचे.

आता असे धरू की मोजमाप वहीत १२० मीटर लिहिले आहे आणि जागेवर गटार ९६ मीटर भरते. अंदाजपत्रक बरोबर, ठराव बरोबर, प्रमाणकावर सह्या आहेत, रोकडवहीची बेरीज जुळते. कार्यालयात बसून कागद तपासणाऱ्याला काहीही खटकणार नाही. तरीही २४ मीटरचे ६०,००० रुपये गेलेले आहेत. घरटी सरासरी सहाशे रुपये कर धरला तर ही शंभर घरांची वर्षाची घरपट्टी झाली. ती शोधण्यास लेखाशास्त्र लागत नाही, एक टेप लागतो. गावच्या शिक्षकाने सातवीच्या मुलांकडून लांबी-रुंदीच्या पाठाच्या निमित्ताने ही गटार मोजवून घेतली आणि मोजमाप वहीतील आकडा फळ्यावर शेजारी लिहिला, तर गणिताचा तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. मार्च महिन्यात वसुली जोरात असते. ३ ते १० मार्च या काळात १८,४०० रुपयांच्या पावत्या फाडल्या गेल्या आणि ती रक्कम २८ मार्च रोजी बँकेत भरली गेली, असे समजा. वर्षअखेरचा ताळेबंद जुळतो, वार्षिक हिशेबपत्रकात काहीही दिसत नाही. परंतु मधले अठरा दिवस गावचा पैसा कोणाच्या तरी खिशात होता. लेखापरीक्षक यास तात्पुरता अपहार म्हणतो. वसूल झालेली रक्कम परस्पर खर्च न करता आधी बँकेत भरावयाची, हा नियम याचसाठी आहे. पावतीची स्थळप्रत, रोकडवही आणि बँकेचे पासबुक या तिघांच्या तारखा शेजारी ठेवल्या की ही गोष्ट पाच मिनिटांत उघडी पडते. पंचायतीच्या मासिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा सदस्यांनी केवळ बेरीज न ऐकता तारखा ऐकाव्यात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. बाजार लिलावाच्या थकलेल्या हप्त्यांचेही तसेच. लिलाव गाजावाजाने होतो, पहिला हप्ता भरला जातो आणि पुढील हप्ते केवळ आक्षेपांच्या यादीत जिवंत राहतात.

सही करणाऱ्याची जबाबदारी

कलम १७८ हे प्रत्येक पंचायत सदस्याने एकदा तरी वाचावे. ग्रामनिधीचे नुकसान, अपव्यय किंवा गैरविनियोग यांत जो सदस्य सामील असेल, किंवा ज्याच्या गैरवर्तनामुळे अथवा घोर निष्काळजीपणामुळे तो घडला असेल, तो त्यास व्यक्तिशः जबाबदार असतो. त्याला म्हणणे मांडण्याची संधी देऊन रक्कम ठरविली जाते आणि न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. कलम ३९ अन्वये गैरवर्तनाबद्दल सरपंचाला वा सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे. ‘मी केवळ हात वर केला’ हा बचाव नेहमीच चालतो असे नाही.

हा धोका सर्वांत अधिक कोणाला आहे? बिल कसे तयार होते हे ज्यांना पक्के ठाऊक आहे त्यांना तो कमी. प्रथमच निवडून आलेल्या, आणि विशेषतः २०११ नंतर ५० टक्के आरक्षणामुळे मोठ्या संख्येने सरपंचपदी आलेल्या स्त्रियांना तो अधिक. पूर्वी कोऱ्या धनादेशांवर सह्या घेतल्या जात. आता वित्त आयोगाच्या निधीतून रक्कम अदा करण्यासाठी सरपंच व ग्रामसेवक (२०२४ च्या निर्णयानंतरचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंच बाईंची डिजिटल सहीची कळ त्यांच्या पतीच्या खिशात किंवा संगणक चालकाच्या खणात असेल, तर कोऱ्या धनादेशापेक्षा ती अधिक घातक ठरते. कोरा धनादेश एक असतो, ही कळ कितीही वेळा चालते. चौकशी मात्र ज्यांच्या नावाची सही आहे त्यांचीच होते. प्रशिक्षण वर्गात सरपंच बाईंना योजनांची नावे पाठ करून घेण्याआधी ती कळ स्वतःच्या हाती ठेवण्यास आणि सही करण्यापूर्वी मोजमाप वही मागण्यास शिकविले, तर पुढच्या कटकटी पुष्कळ कमी होतील.

येथे दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. लेखापरीक्षणातील प्रत्येक आक्षेप म्हणजे चोरी नव्हे. प्रमाणकावर शिक्का नाही, साठा नोंदवहीत नोंद उशिरा झाली, खर्चाला कार्योत्तर मंजुरी घेतली, हे दोष आहेत, अपहार नाहीत. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असला म्हणजे असे दोष वाढतात. सरसकट सर्वांना चोर ठरविण्याचा परिणाम असा होतो की भीतीपोटी पैसा खर्चच केला जात नाही आणि पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आणखी एका उन्हाळ्यावर जाते. मात्र एका आक्षेपाकडे कधीही सौम्यपणे पाहू नये : ‘दप्तर तपासणीस उपलब्ध करून दिले नाही.’ शिक्का नसलेला कागद निदान समोर असतो. दाखविलेच न गेलेल्या दप्तरात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढे वसुलीची वेळ आली म्हणजे रक्कम ठरविण्यासही आधार राहत नाही.

मोठ्याने वाचलेला हिशेब

हिशेब लोकांपुढे वाचल्याने काय होते, याचा अनुभव इतरत्र आला आहे. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरविली. सार्वजनिक कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि जे कधी कामावर गेलेच नव्हते त्यांची नावे त्यांच्याच कानावर पडली. पुढे देशात माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली ती अशा सभांतून. महाराष्ट्राने २००२ साली आपला कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा आला. आफ्रिकेतील युगांडा देशात १९९१ ते १९९५ या काळात शाळांना मिळावयाच्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम प्रत्यक्ष शाळांपर्यंत पोहोचत होती, असे पाहणीत आढळले. अनुदानाचे आकडे वृत्तपत्रांत आणि शाळेच्या दारावर लावले जाऊ लागल्यानंतर २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. सुधारणेला इतरही कारणे होती असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे, तरी मुख्याध्यापकाला आपल्या शाळेसाठी किती रक्कम निघाली हे ठाऊक असणे, ही गोष्ट लहान नव्हे.

विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या लहानशा गावाचे उदाहरण आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आल्यावर तेथील ग्रामसभेने बांबू विक्रीचा व्यवहार स्वतः सांभाळला. निर्णय सर्वसहमतीने घेण्याची तेथील पद्धत त्याहून जुनी आहे. तेथे वेगळी गोष्ट कोणती, तर पैसा येण्यापूर्वी सभा भरविण्याची सवय आलेली होती. नागपूर जिल्ह्यातील पुष्कळ गावांत क्रम उलटा आहे, आणि ही अडचण निधीच्या आकड्याने सुटणारी नाही.

पंचायतींचे जमाखर्च २०२० पासून ई-ग्रामस्वराज प्रणालीवर कोणालाही पाहता येतात, ही चांगलीच सोय आहे. पण पडद्यावर दिसणारी ‘गटार बांधकाम, ३,००,०००’ ही ओळ कोणत्या गल्लीतील गटारीची, हे गावातील मनुष्यच सांगू शकतो. संगणकावरील नोंद ग्रामसभेतील वाचनाची जागा घेऊ शकत नाही. ते वाचन करावयास ती उपयोगी पडते.

लेखापरीक्षणाचे टिपण एका तासात वाचून होण्यासारखे असते, मात्र त्याची तयारी आधी हवी. सभेची सूचना निघेल त्याच दिवशी टिपणाची प्रत पंचायतीच्या फलकावर लागावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असतेच, तीत पाणी व स्वच्छतेवरील खर्चाचे आक्षेप प्रथम वाचले जावेत, कारण नळाला पाणी किती दिवस आले हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. मुख्य सभेत वाचन ग्रामसेवकाने न करता शिक्षकाने किंवा एखाद्या सदस्याने करावे आणि उत्तर पंचायतीने द्यावे. प्रत्येक आक्षेपापुढे रक्कम, जबाबदार व्यक्तीचे पदनाम आणि पूर्ततेची तारीख बोलून दाखवावी व तीच नमुना ३० च्या आक्षेप पूर्तता नोंदवहीत लिहावी. ‘पुढील लेखापरीक्षणाचे वेळी पूर्तता करण्यात येईल’ हे उत्तर सभेने स्वीकारू नये. तारीख दिली गेली की ती १५ ऑगस्टच्या सभेपूर्वीची असावी, म्हणजे त्या सभेत नमुना ३० उघडून कोणत्या आक्षेपापुढील रकाना अजून कोरा आहे, एवढेच पाहावयाचे राहील.